कारखान्याने न केलेली रिंग

धागा जरा लांब आहे. विषय मात्र अवघ्या २८.५ मिलिमीटरचा आहे.

जुन्या बाजारात एखादा रोलीकॉर्ड किंवा रोलीफ्लेक्स विकायला येतो, तेव्हा त्याच्या चामडी पेटीच्या तळाशी काही किरकोळ वस्तूही असतात. भिंगाचे झाकण, फिल्मचे रिकामे रीळ, गंजलेली केबल रिलीज. आणि क्वचित एक ओबडधोबड पत्र्याची रिंग: आतून मखमलीची पट्टी चिकटवलेली, मध्ये पिवळी काच. तिच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नसते. विक्रेता ती बाजूला टाकतो. संग्राहकही तिच्याकडे पाहत नाही, कारण किमतींच्या याद्यांत तिला जागा नाही. आणि सारे मूळ अवस्थेतच हवे असा आग्रह धरणाऱ्यांना तर ती डागच वाटते.

कॅमेऱ्याचा इतिहास बहुधा कारखान्याच्या बाजूने लिहिला जातो. मॉडेल, वर्ष, अनुक्रमांक, भिंगाचे नाव. कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षे त्या यंत्राने काय केले, कोणाच्या गळ्यात ते लटकले, कशासमोर उभे राहिले, हे त्या इतिहासात येत नाही. घरी केलेली रिंग नेमके तेवढेच सांगते. म्हणून ती फेकण्याआधी समजून घ्यायला हवी.

त्यासाठी सुरुवात कॅमेऱ्यापासून नव्हे, आभाळापासून करावी लागते.

एकोणिसाव्या शतकातील बाहेरच्या दृश्यांची छायाचित्रे पाहिली तर आकाश बहुतेक वेळा कोरे दिसते. त्या दिवशी ढग नव्हते, असा त्याचा अर्थ नाही. प्रकाशाने बदलणारे चांदीचे क्षार मूळचे निळ्या, जांभळ्या आणि अतिनील किरणांनाच दाद देतात. निळे आकाश त्यांच्या लेखी पांढऱ्या ढगाइतकेच उजळ असते. खालच्या झाडांना आणि खडकांना पुरेसा प्रकाश मिळेपर्यंत वरचे सारे आकाश निगेटिव्हवर गच्च काळे होऊन बसे, आणि कागदावर छापताना ते पांढरे उतरे. डोळ्याने पाहिलेले ढग काचेपर्यंत पोचत, पण तिथे वेगळे उरत नसत.

फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे घेताना यावर धीट तोडगा काढला. समुद्राची निगेटिव्ह वेगळी घ्यायची, आकाशाची वेगळी, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडून एकच छाप काढायचा. सेत येथील त्याची ‘मोठी लाट’ याच पद्धतीची. त्या चित्रातले आकाश आणि तो समुद्र एका क्षणाचे नाहीत. ‘जुने फोटो खरे, आताचे सगळे बनवलेले’ असे कोणी म्हणू लागले की ही लाट त्याच्यासमोर ठेवावी.

१८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेलला आढळले की योग्य रंगद्रव्य मिसळले तर तेच क्षार हिरव्या प्रकाशालाही दाद देऊ लागतात. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा आल्या. तांबड्यापर्यंतचा सारा पट्टा टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा इंग्लंडमधील क्रॉयडनच्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीने १९०६ मध्ये बाजारात आणल्या. त्यामागे केनेथ मीज हा तरुण रसायनशास्त्रज्ञ होता. अमेरिकेच्या ईस्टमन कोडॅकला मीज हवा होता. त्यासाठी १९१२ मध्ये कोडॅकने ती कंपनीच विकत घेतली. फिल्टरच्या रंगांना आजही ‘रॅटन नंबर’ म्हणतात ते त्या कंपनीवरून. ८ नंबर पिवळा, १५ नंबर गडद पिवळा, २५ नंबर तांबडा.

पॅनक्रोमॅटिक फिल्म आली तरी निळ्याबद्दलचा तिचा पक्षपात पुरता गेला नाही. माणसाच्या डोळ्याच्या मानाने ती निळ्याला अजूनही अधिक उजळ मानते. म्हणून भिंगापुढे पिवळी काच. पिवळी काच निळा प्रकाश अडवते, आकाश एक-दोन छटांनी खाली येते आणि ढग त्यावर उठून दिसतात. तांबडी काच हेच काम इतक्या जोराने करते की आकाश काळवंडते. १९२७ च्या एप्रिलमध्ये अॅन्सेल अॅडम्स योसेमिटीतील हाफ डोम या कड्यासमोर उभा होता. त्याने आधी पिवळा फिल्टर लावून एक काच टिपली. मग गडद तांबडा, २९ नंबरचा, लावून दुसरी. लोकांना ठाऊक असलेले चित्र दुसरे आहे. कडा तोच, ऊन तेच, कॅमेरा तोच. बदलली ती पुढची काच.

इथे आपल्याकडच्या वाचकासाठी एक सूचना. आषाढातल्या गच्च भरून आलेल्या आभाळावर पिवळी काच जवळजवळ काहीच करत नाही, कारण वेगळे काढायला तिथे निळेच नसते. ती काच खरी कामाला येते भाद्रपद-आश्विनात, पाऊस उघडल्यावर, सह्याद्रीवर स्वच्छ निळ्यात पांढरे ढग तरंगू लागतात तेव्हा.

आता कॅमेरा. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके यांनी १९२० मध्ये कारखाना काढला. सुरुवातीला ते तीन भिंगांचे स्टिरिओ कॅमेरे करत: दोन भिंगे चित्र घेण्यासाठी, मधले पाहण्यासाठी. त्यातले चित्र घेणारे एक भिंग गाळून उरलेली दोन एकावर एक उभी केली की जे मिळते, तो रोलीफ्लेक्स. तो १९२९ मध्ये बाजारात आला. वरचे भिंग आरशावरून दुधी काचेवर चित्र दाखवते, खालचे ते फिल्मवर उतरवते. छायाचित्रकार कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून पाहतो. होमाई व्यारावाला यांच्या हातातील ज्या कॅमेऱ्यांची नावे घेतली जातात, त्यांत रोलीफ्लेक्स आहेच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या वृत्तछायाचित्रकर्तीमुळे भारतात अनेकांना तो उभा चौकोनी डबा ओळखीचा आहे.

१९३२ मध्ये स्टँडर्ड रोलीफ्लेक्स आला, १९३३ मध्ये त्याचा स्वस्त भाऊ रोलीकॉर्ड. या पिढीच्या कॅमेऱ्यांत खालच्या भिंगाची बाहेरची कड साधी, गुळगुळीत आणि २८.५ मिलिमीटर व्यासाची असे. फिल्टर तिच्यावर सरळ दाबून बसवायचा, डब्यावर झाकण बसवतात तसा. पुढे १९३७ च्या ऑटोमॅटपासून बायोनेट आले: फिल्टर खाचेत घालून थोडा फिरवला की अडकतो. बायोनेटचेही पुढे मापागणिक प्रकार झाले, बे एक, बे दोन, बे तीन. एकाचा फिल्टर दुसऱ्याला चालत नाही. युद्धानंतर जपानी यशिका-मॅट आणि मिनोल्टा ऑटोकॉर्ड यांनी बे एक स्वीकारले म्हणून त्या मापाचे फिल्टर आजही मिळतात. २८.५ मिलिमीटरचे साधे, दाबून बसवायचे माप मात्र अनाथ झाले. कॅमेरा उत्तम चालतो, भिंग स्वच्छ, शटर बरोबर, आणि जगातल्या चालू दुकानांत त्याच्यासाठी पिवळी काच नाही.

या अनाथपणाची जाण कारखानदारांना नव्हती असे नाही. अमेरिकेत कोडॅकने ‘सीरीज’ पद्धत रूढ केली. तिच्यात काच आणि पकड वेगळ्या केल्या होत्या. फिल्टर म्हणजे बिनआट्यांची गोल चकती, ठरावीक मापांची. पाचव्या सीरीजची ३०.२ मिलिमीटर, सहावीची ४१.३. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी तेवढी एक पकडरिंग वेगळी घ्यायची, काच तिच्यात ठेवायची आणि वरून दुसरी रिंग आवळायची. कॅमेरा बदलला तरी काचा त्याच. कल्पना फार शहाणपणाची होती. पण ठरावीक कॅमेऱ्याची पकडरिंग बनणे थांबले, की ती शहाणी चकतीसुद्धा हातात नुसती काच म्हणून उरते. घरी होल्डर करणारा माणूस नेमकी हीच हरवलेली पकडरिंग करत असतो. कल्पना त्याची नवी नसते. कारखान्याने मधेच सोडलेले काम तो पुढे नेतो.

भारतात या कामाला आणखी एक कारण होते. १९५७ नंतर परकीय चलनाची टंचाई झाली आणि ऐषारामाच्या मालाच्या आयातीवर कडक निर्बंध आले. कॅमेरे त्यातलेच. असलेला कॅमेरा सांभाळायचा, फुटले ते जुळवायचे, नसेल ते करून घ्यायचे, ही त्या काळातील स्टुडिओवाल्यांची आणि हौशी मंडळींची सवयच होती. टर्नरकडे लेथवर छोटी पितळी रिंग उतरवून घेणे हे सायकलचा नट करून घेण्याइतके साधे काम होते.

आज ज्याला हे घरी करायचे आहे, त्याच्यापुढचा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. साधा हौशी मनुष्य मापापासून सुरुवात करतो. २८.५ मिलिमीटर व्यासाचा परीघ सुमारे ८९.५ मिलिमीटर. आत अर्ध्या मिलिमीटरचे मखमलीचे किंवा फेल्टचे अस्तर लावायचे म्हटले तर आतला व्यास २९.५ होतो आणि पट्टी सुमारे ९२.७ लागते. शिवाय पत्र्याची स्वतःची जाडी. म्हणून पट्टी किंचित लांब कापायची, कानशीने हळूहळू उतरवायची. डाग देऊन सांधली की मागच्या कडेला तीन-चार उभ्या चिरा द्यायच्या, म्हणजे रिंग थोडी फाकते आणि स्वतःच्या ताणाने भिंगाची कड धरून ठेवते. पुढच्या बाजूला काच टेकण्यासाठी आत वळवलेली अरुंद कड, आणि काच पडू नये म्हणून मागून पोलादी तारेची स्प्रिंग. पत्र्याऐवजी वायरिंगचा पीव्हीसी पाइप गरम करून घेणारेही आहेत, औषधाच्या बाटलीचे झाकण कोरणारेही. अलीकडे थ्रीडी प्रिंटरवर रिंग काढतात. प्रिंटरची रिंग सुबक दिसते, पण चिरांच्या जागी तिचे प्लास्टिक लवकर मोडते. पितळ अजूनही श्रेष्ठ.

या साऱ्यात एक नियम मोडता कामा नये: रिंग जुळवून पाहायची ती कॅमेऱ्यावर नव्हे. कातकाम करणाऱ्याकडून २८.५ मिलिमीटरचा लाकडी गट्टू उतरवून घ्यावा आणि सगळी ओढाताण त्याच्यावर करावी. कानशीचा कीस कोम्पुर शटरमध्ये गेला तर नव्वद वर्षे चाललेले घड्याळी यंत्र एका संध्याकाळीत थांबते.

माप जमले तरी भूमिती उरते. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचे सगळे वेगळेपण इथेच आहे.

या कॅमेऱ्यांचे भिंग बहुधा ७५ मिलिमीटरचे आणि चित्र सुमारे ५६ मिलिमीटर बाजूचे चौकोनी. कोपऱ्यात पोचणारा किरण मधल्या रेषेशी साधारण २८ अंशांचा कोन करून येतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की रिंगचे तोंड एक मिलिमीटर पुढे गेले तर तिचा मोकळा व्यासही एका मिलिमीटरहून किंचित जास्त वाढला पाहिजे. नाहीतर चित्राचे चारही कोपरे काळवंडतात. म्हणून होल्डर लांब नळीसारखा करून चालत नाही, आखूड हवा. आखूड केला तर पकड कमी. पकड वाढवण्यासाठी भिंत जाड केली तर बाहेरचा व्यास वाढतो, आणि वर दुसरे भिंग बसलेले असते! एका भिंगाच्या कॅमेऱ्यावर रिंग हवी तेवढी रुंद करता येते. इथे खालची रिंग थोडी फुगली की वरच्या भिंगाच्या कडेला टेकते, किंवा त्याच्यासमोर येऊन दुधी काचेवरच्या चित्राचा खालचा भाग खाते. चौकोनी जिलेटिन फिल्टरसाठी पन्हळी वळवलेला पत्र्याचा चौकोनी होल्डर करणाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी कळते. वरचे दोन कोपरे कातरावेच लागतात.

लुबितेलसारख्या रशियन कॅमेऱ्यात अडचण आणखी एक पायरी चढते. त्यात दोन्ही भिंगांच्या कडांना दाते आहेत. एक फिरवले की दुसरे फिरते आणि फोकस जुळतो. दात्यांवर होल्डर बसवला तर फोकस अडकतो. होल्डर आतल्या कडेत दाबून बसवला तर भिंगाबरोबर तोही फिरतो. साध्या पिवळ्या काचेला त्याचे काही नाही, ती फिरली तरी पिवळीच. पण पोलरायझर असेल तर फोकस बदलताच सगळा परिणाम बदलून जातो.

पोलरायझरचा विषय निघालाच आहे, तर त्यातली गंमत सांगायला हवी. खालच्या भिंगावर लावलेली काच छायाचित्रकाराला कधीच दिसत नाही. तो वरच्या भिंगातून पाहत असतो. पिवळ्या फिल्टरला याने फरक पडत नाही. उलट फायदाच, पाहण्याची काच स्वच्छ राहते. पोलरायझर मात्र फिरवून, डोळ्याने पाहून लावायचा असतो. मग आधी तो वरच्या भिंगावर धरायचा, दुधी काचेवर पाण्यावरची चकाकी मावळेपर्यंत फिरवायचा, आणि त्याच कोनात खाली उतरवायचा. रिंगच्या कडेवर कानशीने केलेली एक बारीक खूण असेल तरच हे जमते. एखाद्या जुन्या घरगुती रिंगवर अशी एकटी खूण दिसली तर तो ओरखडा समजू नये. ते तिच्या मालकाचे मोजमाप असू शकते.

काचेविषयी थोडक्यात. मिठाईच्या पेटीवरचा पिवळा सेलोफेन दिसायला पिवळा असला तरी त्याच्या सुरकुत्या चित्र मऊ करतात, आणि डोळ्याला पिवळे दिसणे म्हणजे निळे पुरते अडवणे नव्हे. खिडकीची काच हिरवट झाक टाकते. फोटोग्राफीसाठी केलेले जिलेटिन सपाट आणि मोजलेले असते. पण बोटाच्या घामाने डागाळते आणि कोकणातल्या दमट हवेत पार बिघडते. फुटक्या कड्याचा एखादा मोठा जुना फिल्टर मिळवून, काचकाम करणाऱ्याकडून त्याची लहान चकती कापून घेणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग. रिंग आतून काळी करायला शाळेच्या फळ्याला देतात तो रंग चांगला, कारण त्याला चकाकी नसते. हे हौसेचे काम नाही, गरजेचे आहे. लेप न दिलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. फिल्टरने असे दोन पृष्ठभाग वाढतात. युद्धापूर्वीच्या भिंगांवरही लेप नाहीत. चकाकता पत्रा आणि दोन आरशांसारख्या काचा समोरासमोर आल्या की ज्या ढगांसाठी हा सारा खटाटोप, ते धुक्यात जातात.

शिवाय या कॅमेऱ्यांत भिंगातून प्रकाश मोजणारे मीटर नाही. फिल्टरने खाल्लेला प्रकाश माणसाने आठवणीने परत द्यायचा. रॅटनच्या ८ नंबर पिवळ्याला दुप्पट, म्हणजे एक स्टॉप: स्वच्छ उन्हात १/१०० ला एफ १६ असेल तर एफ ११. तांबड्या २५ ला आठपट, म्हणजे तीन स्टॉप: एफ ५.६. घरी मिळवलेल्या काचेचा आकडा कोणत्याही पुस्तकात नसतो. तो फिल्मचे एक रीळ खर्चून काढावा लागतो. म्हणून घरगुती रिंगच्या कडेवर कुठे शाईने, कुठे टोकदार सुईने ‘×२’, ‘×३’ असे कोरलेले असेल, तर ते बाजारातून आलेले ज्ञान नव्हे. त्या माणसाने बारा चित्रे देऊन ते विकत घेतलेले असते.

आता संग्राहकांचा आक्षेप. जुन्या यंत्राला घरची जोड लावणे म्हणजे त्याचे मूळपण बिघडवणे, असे काहींचे म्हणणे. यात तथ्य आहे, पण अर्धेच. भिंगाच्या कडेला आटे पाडणे, रिंग कायमची चिकटवणे, कवचाला भोक पाडणे: हे नुकसानच, त्याचे समर्थन करू नये. पण दाबून बसणारी, काढून ठेवता येणारी रिंग कॅमेऱ्याला काहीच करत नाही. किंबहुना तिच्यामुळेच कॅमेरा काचेच्या कपाटातून बाहेर उन्हात जातो. शटरची यंत्रणा वापरात राहिली तर मोकळी राहते. वर्षानुवर्षे पडून राहिली तर तिचे वंगण घट्ट होते आणि संथ गती अडखळू लागतात. मूळपणाच्या नावाखाली पुष्कळ चांगले कॅमेरे असे गोठून गेले आहेत.

आणि मूळपण म्हणजे तरी काय? १९३५ चा रोलीकॉर्ड कारखान्यात एक दिवस नवा होता. त्यानंतर तो कोणाचा तरी होता. त्याच्या पेटीतली पिवळी काच सांगते की मालक बाहेर, उघड्या आभाळाखाली फिरत होता. नुसत्या स्टुडिओत बसणाऱ्याला तिची गरज फारशी पडत नाही. हिरवट पिवळी काच असेल तर त्याला झाडांच्या छटा किंवा बाहेरच्या उजेडात माणसांचा वर्ण नीट हवा होता असा तर्क करता येतो. अस्तराची मखमल एकाच बाजूला झिजलेली असेल तर रिंग एका हाताने, घाईने, रोज काढली-घातली जात होती. सांध्यावरचा डाग सफाईदार असेल तर काम सोनाराचे किंवा टर्नरचे. गोळे असतील तर घरचे. रिंगचा आतला व्यास पेटीतल्या कॅमेऱ्याशी जुळत नसेल, तर त्या घरात आणखी एक कॅमेरा होता, जो आता तिथे नाही. हे अनुमान आहे, पुरावा तपासून केलेले; नाण्यावरची झीज किंवा ताम्रपटाच्या कडीचा सांधा वाचताना इतिहासाचा अभ्यासक याहून वेगळे काही करत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी आजोबांचा असा कॅमेरा आहे, त्यांनी पेटी झटकण्यापूर्वी तळ पाहावा. रिंग सापडली तर ती तारेच्या ब्रशने घासू नये, नवा रंग देऊ नये. व्हर्नियरने आतला आणि बाहेरचा व्यास, जाडी, काचेचा व्यास मोजून एका कागदावर लिहावा, कॅमेऱ्याच्या क्रमांकासह पेटीतच ठेवावा. कोणाचा कॅमेरा, कुठे वापरला, हे सांगणारे माणूस अजून असेल तर तेही. वस्तू टिकते, तिच्यामागचे नाव फार लवकर जाते.

आणि ज्याला ती वापरून पाहायची असेल त्याच्यासाठी शेवटची तपासणी, फिल्म वाया न घालवता. कॅमेऱ्यात फिल्म नाही याची खात्री करून मागचे दार उघडावे. ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवावे, शटर ‘बी’ वर घेऊन केबल रिलीजने उघडे धरावे. मग फिल्मच्या चौकोनी खिडकीच्या एका कोपऱ्याजवळ डोळा नेऊन, उजेडाकडे तोंड करून, भिंगातून बाहेर पाहावे. आधी रिंग न लावता. तेव्हाही उजेडाचा गोल पूर्ण गोल दिसत नाही, तिरपे पाहिल्यामुळे तो लिंबासारखा दिसतो. तो आकार नीट लक्षात ठेवावा. मग रिंग लावून त्याच कोपऱ्यातून पुन्हा पाहावे. लिंबाची एखादी बाजू आणखी चिरलेली दिसली तर रिंगचे तोंड कानशीने अर्धा मिलिमीटर खाली घ्यावे, गट्टूवर बसवून, आणि चारही कोपऱ्यांतून पुन्हा एकदा पाहावे.